सेकंड व्हायोलिनची खुर्ची

स्टेजच्या दारापासून वादक आणि परीक्षक यांच्यामधल्या पडद्यापर्यंत गालिचा अंथरला होता. तो शोभेचा नव्हता. बुटांच्या टाचांवरून आत आलेली व्यक्ती बाई की पुरुष हे कळू नये, एवढ्याचसाठी तो घालतात. मला आत घेऊन आलेल्या माणसानं माझा आकडा मोठ्यानं वाचला, 27, आणि मानेनं खूण केली. बोलायचं नाही, खाकरायचंही नाही. काही अडलंच तर त्याच्या कानाशी जाऊन सांगायचं. पियानोवाल्याकडून 'ए' हा सूर घेतला, त्यावर तारा जुळवल्या, श्वास सोडला आणि मोझार्ट सुरू केला. पलीकडे किती माणसं बसली आहेत ते ठाऊक नव्हतं, पण एक खुर्ची करकरली, कुणीतरी कागद उलटला. चारेक मिनिटं झाली असतील, पडद्याआडून आवाज आला, "डांके." धन्यवाद.

हे धन्यवाद 'पुरे, कळलं, छान आहे' असं असतं की 'पुरे, कळलं, निघा' असं असतं, ते आवाजावरून ओळखायचा प्रयत्न आम्ही सगळेच करतो. आजवर कुणाला जमलेलं नाही.

वाद्यवृंदात जागा मिळवण्यासाठीची ही माझी नववी ऑडिशन होती. आधीच्या आठांपैकी पाच ठिकाणी मी पहिल्याच फेरीत गळले होते, एका ठिकाणी दुसऱ्या फेरीत, आणि दोन ठिकाणी शेवटपर्यंत पोचूनही त्यांनी कुणालाच घेतलं नव्हतं. हे शेवटचं लोकांना खरं वाटत नाही. तीस-चाळीस वादक स्वतःच्या खर्चानं लांबून येतात, दिवसभर वाजवतात, आणि संध्याकाळी सांगतात की जागा रिकामीच राहील, पुन्हा जाहिरात देऊ. जर्मन वाद्यवृंदांत हे सर्रास होतं. पहिल्यांदा झालं तेव्हा मी स्टेशनच्या बाकावर बसून रडले. दुसऱ्यांदा झालं तेव्हा झोपले.

मुळात मी इथवर आले ती दुसरीकडं जायला निघाले होते म्हणून. पाश्चात्त्य अभिजात संगीतात व्हायोलिन शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला एकलवादक व्हायचं असतं, आणि शिक्षणही त्याचंच मिळतं. लहानपणापासून स्केल, एट्यूड म्हणजे सरावाच्या रचना, पागानिनीच्या 24 कॅप्रिसमधल्या, म्हणजे एकट्या व्हायोलिनसाठीच्या अवघड रचनांमधल्या, निदान काही, मग ब्रूख, मेंडेल्सोन, चायकोव्स्की, सिबेलियस यांच्या कॉन्चेर्टो, म्हणजे एकलवादक आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीच्या रचना. समोर ऑर्केस्ट्रा आहे असं धरून वाजवायचं, प्रत्यक्षात बाजूला पियानो असतो. त्या ऑर्केस्ट्रात बसलेली माणसं काय करतात, हे मला सव्वीसाव्या वर्षापर्यंत कुणी शिकवलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

एकलवादकाची वाट स्पर्धांमधून जाते. ब्रुसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा घ्या. 1937 साली ती बेल्जियन व्हायोलिनवादक इझाईच्या नावानं सुरू झाली आणि पहिलीच सोव्हिएत व्हायोलिनवादक डेव्हिड ओइस्त्राखनं जिंकली. तिथं अंतिम फेरीतल्या 12 जणांना आठवडाभर बाहेरच्या जगापासून तोडून ठेवतात आणि कुणीही न ऐकलेली नवी कॉन्चेर्टो त्यांची त्यांना बसवायला लावतात. हाच ओइस्त्राख दोन वर्षं आधी, 1935 मध्ये, वॉर्साच्या विएनियाव्स्की स्पर्धेत दुसरा आला होता. पहिली आली ती पंधरा वर्षांची जिनेत नव्ह. स्पर्धांवर माझा राग आहे, पण तो थोडासा हरलेल्याचा राग आहे हेही मला कळतं. मी चार स्पर्धांना गेले आणि दुसऱ्या फेरीच्या पुढं कुठंच गेले नाही. परीक्षकांच्या शेऱ्यांत एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत यायची: सगळं बरोबर आहे, पण काही सांगायचं आहे असं वाटत नाही.

मग मी साधा हिशेब केला. ऑर्केस्ट्रातली व्हायोलिनं दोन विभागांत बसतात: पहिली बहुतेक वेळा मुख्य चाल वाजवतात, दुसरी तिला साथ देतात. मोठ्या ऑर्केस्ट्रात पहिली व्हायोलिनं 16, दुसरी 14. म्हणजे एका कार्यक्रमाला स्टेजवर 30 व्हायोलिनवादक आणि त्यांच्यापुढं उभा एकलवादक एक. तोही दर आठवड्याला नवा, आणि बहुतेक वेळा त्याच पंधरा-वीस नावांपैकी. बाकीच्यांना कुठं ना कुठं बसावंच लागतं. बसणं ही हार आहे असं मला तेव्हा वाटायचं. सिबेलियस स्वतः व्हायोलिनवादक व्हायला निघाला होता, 1891 साली त्यानं व्हिएन्ना फिलहार्मोनिकसाठी ऑडिशन दिली आणि त्याला घेतलं नाही. पुढं त्यानं लिहिलेली व्हायोलिन कॉन्चेर्टो आज आम्ही ऑडिशनला वाजवतो. ही गोष्ट नापास झालेला प्रत्येक जण एकमेकांना सांगतो, मीही सांगितली आहे. पण एक अडचण आहे, आपल्याला सिबेलियससारखं लिहिता येत नाही.

तर ऑडिशन. जर्मनीत तिला 'प्रोबेश्पील' म्हणतात. जाहिरात येते, त्यात जागा नेमकी लिहिलेली असते: पहिलं व्हायोलिन की दुसरं, साधी 'टुट्टी'ची, म्हणजे विभागात सगळ्यांबरोबर वाजवणाऱ्याची खुर्ची की विभागप्रमुखाची. अर्ज केला म्हणजे बोलावतातच असं नाही. बोलावलं तर सोबत यादी येते. मोझार्टची एक कॉन्चेर्टो, पहिला भाग, कॅडेन्झासह, म्हणजे ऑर्केस्ट्रा थांबल्यावर एकलवादक एकट्यानं वाजवतो त्या तुकड्यासह. मग एक रोमँटिक काळातली मोठी कॉन्चेर्टो. आणि मग उतारे, म्हणजे सिंफनी आणि ऑपेरांमधले अवघड तुकडे, कुठं आठ ओळी तर कुठं पानभर.

माझ्या यादीत दुसऱ्या व्हायोलिनचे उतारे होते, आणि त्यांतल्या दोघांनी माझे चार महिने खाल्ले. एक स्मेतानाच्या 'बार्टर्ड ब्राइड' या ऑपेराचं ओव्हर्चर, म्हणजे सुरुवातीची वाद्यरचना. सुरुवातीला सगळे मिळून धडाक्यात वाजवतात आणि अचानक सगळं थांबतं. उरतं फक्त दुसरं व्हायोलिन, अगदी हळू आवाजात, जीव मुठीत धरून पळणारं. बाकीचे विभाग मागून एकेक करून येतात. तोवर लपायला आडोसा नाही. दुसरा उतारा मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट'च्या ओव्हर्चरमधला. तिथंही फ्यूग, म्हणजे एकामागून एक विभाग तीच चाल घेऊन येतात तो भाग, सुरू करतं ते दुसरं व्हायोलिनच. एकाच सुरावर ठोके, मग एक छोटीशी गिरकी, पुन्हा ठोके. ऐकायला पोरखेळ. तुम्ही दुसरं व्हायोलिन वाजवणाऱ्याला 'मग पहिलं का नाही?' असं विचारणार असाल तर आधी त्याला हे आठ बार, म्हणजे तालाचे आठ छोटे गट, एकट्यानं वाजवायला सांगा.

मी पहिल्यांदा तो उतारा फोनवर रेकॉर्ड केला, दुसऱ्या दिवशी ऐकला आणि मला वाटलं फोन बिघडलाय. मी धावत होते. वाजवताना अजिबात जाणवलं नव्हतं. मग तेच रेकॉर्डिंग अर्ध्या गतीनं लावलं. ठोके सारखे होते, पण बो, म्हणजे गज, एका तारेवरून दुसरीवर जाताना प्रत्येक वेळी किंचित घाई व्हायची. हात पुढच्या तारेवर पोचायला इतका उतावीळ असायचा की आधीचा सूर पुरता संपूच द्यायचा नाही. वीस वर्षं वाजवत होते आणि ही खोड कुणाच्या लक्षात आली नव्हती, कारण कॉन्चेर्टोत ती खपून जाते. एकलवादक थोडा धावला तर त्याला जोश म्हणतात.

मग मेट्रोनोम. साधा ठेक्यावर लावला तर मी त्याच्यावर रेलून वाजवायचे, म्हणजे फसवणूकच. म्हणून तो दोन बारांतून एकदाच वाजेल असा लावला. मधली सगळी जागा मी सांभाळायची आणि दोन बारांनी तो टिक् करेल तेव्हा मी तिथं असायला हवी. पहिला आठवडा मी कधीच तिथं नव्हते. नंतर तो कमजोर ठोक्यावर लावला, तेव्हा तर शब्दशः घाम फुटला. चार मिनिटांच्या उताऱ्यांसाठी रोज तीन तास हे चाललं होतं. कंटाळा यायचा का? हो. पण त्या कंटाळ्यातच एक दिवस उजवा हात आपोआप हलका पडला, बो तारेवरून आपल्या वजनानं उडायला लागला, आणि मी काहीच करत नाहीये असं वाटायला लागलं. स्पिक्काटो म्हणजे बोला उसळू देणं, आपण उसळवायचा नाही, हे मी शेकडो वेळा ऐकलं होतं. हाताला ते त्या दिवशी कळलं.

मोझार्टची गोष्ट वेगळी. त्याच्या पाच व्हायोलिन कॉन्चेर्टोंपैकी शेवटच्या तीन 1775 सालच्या, तो एकोणीस वर्षांचा होता तेव्हाच्या. ऑडिशनला त्यांतलीच एक मागतात, आणि का मागतात हे आता मला कळतं. तिच्यात झाकायला काहीच नाही. मी पाचवी घेतली होती, ए मेजर. ऑर्केस्ट्रा चपळ लयीत सगळा विषय मांडतो आणि मग व्हायोलिन येतं ते भलत्याच संथ लयीत, जणू वेगळ्याच खोलीतून बाहेर आल्यासारखं. लांब, शांत सूर. त्या पहिल्या सुरात बो किती दाबता, डाव्या बोटानं सुराला दिलेला कंप किती रुंद ठेवता, बो बदलताना सांधा ऐकू येतो का, हे ऐकणाऱ्याला दहा सेकंदांत कळतं. पुढचं सगळं ते सौजन्यापोटी ऐकतात. मोझार्टनं या कॉन्चेर्टोंसाठी कॅडेन्झा लिहून ठेवलेल्या नाहीत, म्हणून बहुतेक जण एकोणिसाव्या शतकातला व्हायोलिनवादक योआखिम याची वाजवतात. मीही तीच वाजवते. इथं वेगळेपणा दाखवण्याचं धाडस मी एकदा केलं होतं, ती माझी तिसरी ऑडिशन.

घाबरण्यावरही थोडं लिहायला हवं, कारण त्यावर आमच्यात कुणी उघड बोलत नाही. माझ्या उजव्या हाताला कंप सुटतो, तोही नेमका संथ, हळू सुरावर, बोच्या टोकाशी. बीटा ब्लॉकर, म्हणजे छातीची धडधड आणि हाताची थरथर कमी करणारी गोळी, घेणारे वादक पुष्कळ आहेत. 1987 साली अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांतल्या दोन हजारांहून अधिक वादकांची पाहणी झाली, तीत 27 टक्के लोकांनी ती गोळी घेत असल्याचं सांगितलं होतं, आणि त्यांतल्या बहुतेकांनी ती डॉक्टरला न विचारता घेतलेली होती. मी डॉक्टरला विचारून एकदा घेतली. हात स्थिर राहिला, पण मीच तिथं नव्हते. कुणी दुसरंच चांगलं वाजवतंय आणि आपण बाजूला बसून ऐकतोय असं वाटलं. पुन्हा घेतली नाही. त्याऐवजी मी चार मजले जिने पळत चढायचे, वर दार उघडून लगेच व्हायोलिन उचलायचे आणि धडधडत्या छातीनं मोझार्टचा तो पहिला सूर लावायचे. दोन मैत्रिणी चादर टांगून पलीकडं बसायच्या आणि मधेच निर्दयपणे "डांके" म्हणायच्या. चादर बघून हसू यायचं बंद झालं तेव्हा मी तयार झाले असं समजले.

प्रवासाचा भाग लवकर उरकते, खरं तर त्यावर स्वतंत्र लिहिता येईल. व्हायोलिनची लांबट पेटी साधारण 80 सेंटिमीटरची असते आणि बहुतेक विमान कंपन्यांची हातसामानाची मर्यादा 55 सेंटिमीटरची. अमेरिकेत 2012 च्या कायद्यानं लहान वाद्यं केबिनमध्ये नेऊ देणं बंधनकारक केलं. इतरत्र ते गेटवरच्या माणसाच्या मूडवर असतं. मला एकदा "खाली टाका, फ्रॅजाइल स्टिकर लावतो" असं सांगितलं. मी पेटी उघडून दाखवली, पुढचं पातळ फळकूट स्प्रूसचं, मागचं मेपलचं, आत एक छोटी काठी फक्त दाबानं उभी आहे, चिकटवलेली नाही. फ्रेंच लोक तिला 'आम' म्हणतात, आत्मा. ती पडली तर वाद्य मुकं होतं. हे सगळं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, रांग थांबलीय." शेवटी एका हवाई सुंदरीनं कोटांच्या कपाटात जागा करून दिली.

बोचं आणखी वेगळं त्रांगडं. चांगले बो ब्राझीलच्या पेर्नांबुको लाकडाचे. ते झाड संकटात असल्यानं 2007 पासून सायटीस, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. जुन्या बोंच्या टोकाला हस्तिदंती चकती असते, आणि ती असली तर सीमेवर कागदपत्रांशिवाय बो जप्त होऊ शकतो. मी माझ्या बोची चकती बदलून हाडाची करून घेतली. जीव थोडा हळहळला, पण दर सीमेवर धडधड नको.

आणि सूर. आंतरराष्ट्रीय मानक 'ए' 440 हर्ट्झचा, पण मध्य युरोपातल्या बऱ्याच ऑर्केस्ट्रांत तो 442–443 ला लावतात. कागदावर फरक नगण्य. पण 440 मध्ये मुरलेल्या कानाला 443 वर आपलीच बोटं परकी वाटतात. म्हणून शेवटचे सहा आठवडे मी 443 वरच जगले.

ऑडिशनच्या दिवशी सकाळी आम्हा सगळ्यांना एका मोठ्या खोलीत सरावाला सोडलं. चौतीस व्हायोलिनं. त्यांतली निम्मी तरी ए मेजर मोझार्ट वाजवत होती, प्रत्येकाची लय वेगळी. एक मुलगा खिडकीशी उभा राहून श्ट्राउसच्या 'डॉन युआन'चं पहिलं पान तुफान वेगात घोटत होता. ते आमच्या यादीत नव्हतंच, केवळ इतरांच्या पोटात गोळा यावा म्हणून. गोळा आला. मी कानात बोळे घातले आणि फक्त मोकळ्या तारांवर लांब बो ओढत बसले. चिठ्ठ्या काढल्या, माझा आकडा 27. म्हणजे पाच तास थांबणं.

पहिल्या फेरीनंतर दारावर कागद लागला, त्यावर नऊ आकडे. 27 होता. डॉन युआनवाल्याचा नव्हता. यावर मी आनंद मानला नाही असं म्हणणार नाही.

दुसऱ्या फेरीत पडदा काढला. अनेक ठिकाणी शेवटपर्यंत ठेवतात, इथं नाही. समोर रिकाम्या सभागृहात साठ-सत्तर माणसं विखरून बसलेली. जर्मनीत ऑर्केस्ट्राच आपले सहकारी निवडतो, त्यामुळं ट्रॉम्बोनवालाही ऐकायला येतो. पडद्याबद्दल दोन मतं आहेत. क्लॉडिया गोल्डिन आणि सेसिलिया राउस या अर्थशास्त्रज्ञांनी 2000 साली मांडलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या पहिल्या पाच ऑर्केस्ट्रांत 1970 मध्ये पाच टक्क्यांहून कमी बायका होत्या, पुढच्या पंचवीस-एक वर्षांत त्या पंचवीस टक्क्यांवर गेल्या, आणि या वाढीचा काही वाटा त्यांनी पडद्याला दिला. त्यातल्या आकडेमोडीवर नंतर वाद झाले. पण बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये पहिली बाई, व्हायोलिनवादक मादलेन कारुत्सो, 1982 मध्ये आली आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिकनं बायकांना सभासद करून घ्यायला 1997 उजाडावं लागलं, हे ज्याला माहीत आहे तो पडद्याला नावं ठेवणार नाही. मला वैयक्तिक सांगायचं तर पडदा असला की मी बरी वाजवते. कुणाच्या चेहऱ्यावरून काही वाचता येत नाही.

सिबेलियस ठीक झाला. ठीकच.

तिसऱ्या फेरीत आम्ही चौघं उरलो. आधी स्मेताना, मग मॅजिक फ्लूट. मॅजिक फ्लूट वाजवून झाल्यावर सेकंड व्हायोलिनचा विभागप्रमुख उठला, आपलं व्हायोलिन घेऊन स्टेजवर आला, माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "आता दोघं मिळून. मी इशारा देणार नाही." हे यादीत नव्हतं. मी त्याच्या बोकडं पाहिलं, मग लक्षात आलं की तिकडं पाहून उशीर होईल. त्यानं नाकानं श्वास घेतला, अगदी बारीक, आणि मी त्याच श्वासात सुरू केलं. चार बार आम्ही एकत्र होतो. पाचव्या बारला त्यानं मुद्दाम आवाज खाली नेला. मीही नेला. मग त्यानं लय किंचित सैल केली, एवढीशी. त्या चार महिन्यांच्या मेट्रोनोमनं मला सांगितलं, जाऊ नकोस. कानानं सांगितलं, जा. मी गेले. तो थांबला, हसला नाही, नुसतं "गुट", छान, म्हणाला आणि खाली उतरला.

दीड तासानं आम्हाला बोलावून सांगितलं: 27 क्रमांकाला एक वर्ष 'प्रोबेयार', म्हणजे चाचणीचं वर्ष. नोकरी अजून नाही. वर्षअखेर पुन्हा मतदान.

पहिल्या आठवड्याला ब्राम्सची चौथी सिंफनी होती. तिला प्रस्तावना नाही. पहिली आणि दुसरी व्हायोलिनं मिळून अर्धवट वाक्यात शिरावं तशी एका उचलीच्या सुरानं सुरू होतात, सगळ्यांनी एकाच क्षणी तिथं असावं लागतं. कंडक्टरची काठी खाली आली, मी वाजवलं. एकटीनं. बाकी एकोणतीस जण नंतर आले. किती नंतर? डोळ्याची पापणी लवावी इतकं. पण तेवढ्या वेळात माझा सूर अख्ख्या सभागृहात एकटा उभा होता. कंडक्टरनं काही म्हटलं नाही, फक्त पुन्हा सुरू केलं. मी पुन्हा काठीवर वाजवलं, पुन्हा एकटी.

माझी डेस्कची, म्हणजे एकाच स्टँडवरून माझ्यासोबत वाजवणारी, जोडीदार साठीची बाई, तिथं तीस वर्षं बसलेली. ती माझ्याकडं न बघता हळूच म्हणाली, "काठी खाली येते तेव्हा नाही. आपण नंतर वाजवतो." मी विचारलं, "किती नंतर?" ती म्हणाली, "बेसवाल्यांनी श्वास घेतला की." हे उत्तर मला त्या क्षणी चिडवल्यासारखं वाटलं. मध्य युरोपातल्या जुन्या ऑर्केस्ट्रांत सूर काठीच्या मागून येतो, हे मी वाचलं होतं. किती मागून हे लिहिलेलं नव्हतं, कारण ते लिहिता येत नाही. तिसऱ्या दिवशी मी काठीकडं बघणं सोडून पुढच्या डेस्कच्या खांद्यांकडं बघायला लागले आणि कान मागं, डबल बेसकडं ठेवले. मग जमलं. कसं जमलं ते अजूनही नीट सांगता येत नाही.

बाकीच्या चुका बारीक आणि लाजिरवाण्या. डेस्कवर दोघं असतात. बाहेरच्या बाजूची वाजवत राहते, आतल्या बाजूचीनं पान उलटायचं. आतली मी. पहिल्याच कार्यक्रमात पान उशिरा उलटलं आणि तिला एक ओळ आठवणीनं वाजवावी लागली. तिच्या पाठ होती, नशीब. विभाग दोन सुरांत फुटतो तेव्हा वरचा सूर बाहेरचीचा, खालचा आतलीचा, मी सवयीनं वरचा धरला. बो वर की खाली, हे पुढच्या डेस्कवर ठरतं आणि खुणा मागं मागं येतात, त्या लगेच पेन्सिलीनं लिहून घ्याव्या लागतात. माझ्याकडं पेन्सिल नव्हती. एकलवादकाला कुठं पेन्सिल लागते? जोडीदारणीनं पहिले तीन दिवस स्वतःची दिली, चौथ्या दिवशी म्हणाली, "उद्या तुमची आणा."

सगळ्यात अवघड गेलं ते आवाज कमी करणं. पूर्ण सभागृह भरेल असा सूर काढायला मी दोन दशकं शिकले होते, आणि आता मला शेजारणीच्या सुराच्या आत बसायचं होतं. कुणी माझा सूर ओळखला तर ती चूक. सुरुवातीला याचा अपमान वाटायचा. मग वसंतात दौऱ्यावर गेलो, चार दिवसांत तीन शहरं. व्हिएन्नाच्या मुझिकफेरायनच्या सोनेरी दालनात सरावाला पहिला स्पिक्काटो वाजवला आणि दालनानंच तो लांबवून परत पाठवला. 1870 सालचं ते आयताकृती दालन, सूर तिथं रेंगाळतो. आदल्या दिवशीच्या कोरड्या हॉलमध्ये बरोबर वाटणारे ठोके इथं एकमेकांत मिसळून चिखल झाले. विभागप्रमुखानं मागं वळून बो नुसता थोडा वर उचलून दाखवला. पुढच्या बारला चौदाच्या चौदा जणांचा ठोका आखूड झाला, माझाही, कुणी एक शब्द बोललं नाही. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की मी कुठंतरी बसलेय.

चाचणीच्या वर्षात कुणी तुमच्याशी मोकळं बोलत नाही. माणसं वाईट नसतात, पण त्यांना मत द्यायचं असतं. तालमीच्या तक्त्यात माझ्या नावापुढं कंसात 'प्रोबेयार' छापलेलं असायचं. वर्षभर रोज तक्ता वाचताना डोळा आधी त्या कंसावर जायचा, मग वेळेवर. मधे दोनदा विभागप्रमुखानं बोलावून सांगितलं. एकदा, घाई कमी झालीय. दुसऱ्यांदा, आता थोडं जास्तच लपताय. म्हणजे लपायचंही प्रमाणात.

मतदान एका शुक्रवारी तालमीनंतर होतं. मला थांबायचं नव्हतं, तरी मी वाद्यांच्या खोलीत पेटी उघडून बसले, तारा पुसत, पुसलेल्याच पुन्हा पुसत. दार उघडून एक ओबोवाला आला, आपली पेटी घेतली, "शुभ सप्ताहांत" म्हणाला आणि गेला. त्याच्या तोंडावरून काही कळलं नाही. संध्याकाळी कार्यालयातून फोन आला, दोन मिनिटांचा, अगदी कोरडा, पत्र टपालानं येईल म्हणाले. हो म्हणाले आहेत हे कळायला मला तो संपल्यावर थोडा वेळ लागला.

सोमवारी तक्ता वाचला. दुसरं व्हायोलिन, पाचवा डेस्क, आतली बाजू, पुढं माझं नाव. कंस नव्हता. तालीम दहाला, ब्राम्स, पुन्हा चौथी. मी जाऊन बसले तेव्हा जोडीदारीण स्टँडची उंची ठीक करत होती. अभिनंदन वगैरे काही नाही. तिनं सुटी पानं माझ्याकडं सरकवली आणि विचारलं, "पेन्सिल आणलीत ना?"

दोन आणल्या होत्या.